श्रीची जागा

तारेचा आकडा अजून भिंतीवर आहे. बाकी घर रिकामं झालं. मांडणीवरची भांडी गेली, कोनाड्यातले देव माझ्या नेरूळच्या फ्लॅटवर गेले, आईची मासे विकायची पाटी शेजारणीने मागून घेतली. परवा इथे जेसीबी येईल आणि यथावकाश आमच्या दिवाळे गावात आणखी एक सात मजली इमारत उभी राहील. आकडा मात्र कुणी काढला नाही. एक जाड तार, वरचं टोक वाकवून खिळ्याला अडकवलेलं, खाली पुठ्ठ्याचा गोल तुकडा, आणि मध्ये टोचत टोचत चढवलेली पत्रं. पूर्वी दुकानांत बिलं अशी लटकायची. आमच्याकडे बाबा लटकायचे.

मी गठ्ठा नाकाशी नेला. खाली सुक्या बोंबलांचा डबा असायचा, त्यामुळे या पत्रांना कायम बोंबलांचा वास. त्याच्या आत, अगदी नवीन पत्र असलं तर, साबणाचा एक परका, गुळगुळीत वास असायचा, कारण बाबा कोरी पाकिटं साबणाच्या वड्यांच्या खोक्यात ठेवत. तो वास चार दिवस टिकायचा, मग बोंबील जिंकायचे. आता दोन्ही नाहीत. गंजाचा वास येतो आणि जुन्या कागदाचा, जो कुठल्याही सरकारी कपाटाला येतो. मला तो ओळखीचा आहे, एकतीस वर्षं मी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली.

बाबा बहरीनला बंदरात टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होते. मी सात वर्षांची असताना तिकडे गेले. दर दोन वर्षांनी दोन महिने यायचे, आणि खरं सांगायचं तर ते दोन महिने मला नीटसे आठवत नाहीत. घरात एक मोठा माणूस वावरायचा, त्याच्यासमोर मी लाजायची. मला आठवतात ते पत्रातले बाबा. त्यांच्याशी माझी चांगली ओळख होती.

लाल-निळ्या काठाचं पाकीट दुपारी यायचं. आई तेव्हा बेलापूरच्या सेक्टरांतून पाटी फिरवत असायची. ती येईपर्यंत पाकीट फोडायचं नाही, असा नियम होता. मी ते मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. समोर दोऱ्यांवर बोंबील वाळत असायचे, खाडीला ओहोटी लागलेली असायची, चिखलात बोटी कलंडलेल्या. आई यायची, पाटी उतरवायची, राखेने हात घासायची, मग खोबरेल लावून पुन्हा घासायची. माशाच्या हाताने पत्राला शिवायचं नाही. वाचून झालं की तेच पत्र ती बोंबलांवर लटकवायची, यात तिला काही विसंगत वाटत नसे.

मग मी वाचायची. पहिली ओळ माझ्यासाठी, 'चि. बाय हीस अनेक आशीर्वाद'. खालचं सगळं आईसाठी, पण माझ्या नावावर. तुझ्या आईला सांग, इथे सुरमई मिळते पण तिला चव नाही. तुझ्या आईला सांग, पावसात ओट्याच्या कडेने चालू नकोस. एवढ्या आडवळणाने त्यांचा संसार चालला होता आणि ते वळण म्हणजे मी. आई भिंतीला टेकून ऐकायची. मध्येच पदर तोंडाला लावून हसायची आणि मला कळायचं नाही की सुरमईत हसण्यासारखं काय आहे.

उत्तर लिहायला रविवारी बसायचो. शाळेत पत्रलेखन शिकवलेलं होतं आणि मला त्याचा फार माज होता. 'तीर्थस्वरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.' आई सांगायची, "लिव, मना करमत नाय." मी लिहायची, 'आईची तब्येत ठीक आहे.' आई सांगायची, "लिव, शिमग्याला सगल्यांचे नवरे व्हते." मी लिहायची, 'गावात होळीचा सण उत्साहात पार पडला.' असलं काही बापाला लिहायची मला लाज वाटायची. शिवाय आईची भाषा अशुद्ध आहे, असं मला बाईंनी सांगितलं होतं. किती वाक्यं अशी मी वाटेतच अडवली, त्याचा हिशेब नाही. त्या पत्रांतली एकही ओळ आईची नाही, हे मला आज दिसतं आणि शरम वाटते.

मी दहा वर्षांची असताना एकदा घाईत पत्रावर श्री लिहायची राहिली. आजच्या मुलांना सांगावं लागेल, पत्राच्या माथ्यावर मधोमध श्री लिहायची आणि मगच पुढचं. फक्त कुणी गेल्याचं पत्र असलं तर ती जागा मोकळी सोडायची. असं कोरं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. शाळेत बाई त्याला श्रीकार म्हणत. आमच्या घरी ती श्री होती, बाईमाणूस.

ते पत्र बहरीनला पोचलं. बाबांनी उघडलं, वर बघितलं आणि खाली वाचलंच नाही. तसंच घडी करून खोलीबाहेर जाऊन बसले. त्यांच्या खोलीत मुरूडचे इब्राहिमभाई राहायचे. त्यांनी शेवटी पत्र हातातून घेऊन वाचलं आणि सांगितलं की अरे, सगळे जिवंत आहेत, पोरीला गणितात पैकीच्या पैकी मिळालेत. हे सगळं बाबांनीच पुढच्या पत्रात लिहिलं, गंमत म्हणून. पण शेवटी दोन ओळी होत्या. वर श्री लिहायला विसरत जाऊ नकोस. पत्र आलं की मी आधी तिथेच बघतो.

आईने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "दाव मना, श्री कंची ती?"

मी बोट ठेवून दाखवली. पुढचे आठ दिवस ती ते अक्षर गिरवत होती. चुलीपुढच्या राखेत, पिठाच्या परातीत, बर्फ वितळून ओल्या झालेल्या फळीवर. आईला क आला नाही, म आला नाही, स्वतःचं नाव आलं नाही. एक श्री आली. आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रावर वरची श्री आई काढायची. कागदाचा चौथा भाग खाणारी, रफार की रकार कळू नये अशी, वेलांटी भलतीकडे गेलेली. ती झाली की कागद माझ्याकडे सरकवायची, जणू पत्र लिहून झालं, आता राहिलेलं तू भर.

आता या गठ्ठ्यात बाबांची पत्रं आणि आमची पत्रं एकत्र आहेत, म्हणून मला कळतं की खरोखरच पत्र तेवढंच होतं. बाबा उत्तरात लिहितात, 'या वेळची श्री सरळ आली.' एकदा लिहितात, 'श्री उजवीकडे कलली आहे, तुझ्या आईला बरं नव्हतं का?' बरं नव्हतंच. मलेरिया झाला होता आणि मी 'सर्व क्षेम' असं लिहिलं होतं. त्यांची स्वतःची श्री सुरेख असायची. वेलांटी डोक्यावरून निघून पार कागदाच्या कडेपर्यंत लांब जायची. आई पत्र हातात घेऊन त्या वेलांटीवरून बोट फिरवायची, मग मला म्हणायची, "हां, वाच आता."

असे ऋतू गेले. थंडीत बोंबलांच्या दोऱ्या, शिमग्याला रंगवलेल्या बोटी, पावसाळ्यात ओढून वर घेतलेल्या बोटींखाली आम्हा मुलींची भातुकली. तिवरांपलीकडून खारट वारा यायचा आणि भिंतीवरची पत्रं फडफडायची. रात्री दिवा घालवला की तो आवाज ऐकू यायचा. घरात पुरुषमाणूस असल्यासारखं वाटायचं.

मी तेरा वर्षांची झाले त्या वैशाखात बेबीमावशीचं लग्न ठरलं. आईचे आई-वडील नव्हते, धाकट्या बहिणीचं लग्न आई आमच्याच दारातून लावून देत होती. मुलगा उरणचा होता. अंगणात मांडव पडला. गुरुवारी सकाळी कासारीण येऊन बसली आणि सगळ्या बायकांनी चुडे भरले. आईच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. एरवी माशांच्या कामात तिच्या हातात चार बांगड्या टिकत नसत. ती हात पुढे धरून आवाज करून बघत होती आणि म्हणत होती की बाबांना कळवायला पाहिजे, किती भरल्या ते.

त्याच दुपारी पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर इब्राहिमभाईंचं होतं. नियम मोडून मी ते बोटींच्या मागे जाऊन फोडलं. इब्राहिमभाई त्यांच्या घरच्या पत्रांवर ७८६ घालत. आम्हाला लिहिताना त्यांनी आमची रीत पाळली होती. माथा कोरा होता. खाली लिहिलं होतं की तार केली आहे, ती पोचली असेलच. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, आणि इकडेच सगळं उरकावं लागलं. वहिनींना सांभाळा. तार कुठे फिरत राहिली देव जाणे, आमच्यापर्यंत कधीच आली नाही.

मी रडले का, आठवत नाही. चिखलाचा वास आठवतो, आणि मांडवातून येणारा, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीचा आवाज. ती धवले म्हणून बघत होती, दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी. मधूनच आईचा आवाज त्यात मिसळायचा. मी दप्तरातलं शाईचं पेन आणलं आणि कोऱ्या जागेत श्री काढली. बाबांसारखी, वेलांटी लांब ओढून. बरी आली.

आई हात घासून आली. मी वाचलं. बाबांच्या उजव्या हाताला दोरखंड लागला आहे, म्हणून इब्राहिमभाईंकडून लिहून घेतोय. श्री तेवढी मी डाव्या हाताने काढली आहे. लग्नाला येता येत नाही. बेबीला आशीर्वाद. तुझ्या आईला सांग, माझ्या वाटणीचंही नाच. हे शेवटचं वाक्य मला कुठून सुचलं, कळत नाही. चाळीस वर्षं ते माझ्या घशात अडकलेलं आहे.

आईने कागद मागितला. नेहमीसारखं वर बघितलं, वेलांटीवरून बोट फिरवलं. बराच वेळ बघत राहिली. मग "बरां," म्हणाली, उठली आणि पत्र तारेला टोचून कामाला लागली.

शुक्रवारी हळद झाली. आई नाचली. आमच्या आळीत तसं कुणी नाचलेलं मी पाहिलं नाही. हळदीने माखलेली, हिरव्या हातांनी टाळ्या वाजवत, केस सुटलेले. धवलारीण थकली तरी आई थांबेना. बायका म्हणाल्या, नवरा लांब असून काय हौस आहे बघा. मी कोपऱ्यात बसून तिच्या बांगड्यांकडे बघत होते. रविवारी वरात गेली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

मला सांगावं लागलं नाही. रविवारी मावशी उरणला गेली आणि मांडवातल्या खुर्च्या उचलत असताना मुरूडहून इब्राहिमभाईंचे थोरले भाऊ आले. तार पोचली असेल, घर दुःखात असेल, या समजुतीने ते भेटायला आले होते. मांडव बघून दारातच थबकले. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी चाचरत जे सांगितलं ते तिने उभ्यानेच ऐकलं. मग आत गेली, पाटावर बसली आणि एक एक करून बांगड्या उतरवल्या. फोडू दिल्या नाहीत कुणाला.

हळूहळू तारखा गावाला कळल्या, आणि गुरुवारीच बहरीनचं पत्र आलं होतं हेही. माणूस जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि ही हळदीत नाचत होती. पाणवठ्यावर, बाजारात, बोटीवर हे बोललं गेलं, तिच्या पाठीमागे आणि पुष्कळदा समोर. नंतर कुठल्याही लग्नात आईला पाहून एखादी बाई दुसरीला कोपराने ढोसायची. एका शब्दाने ती सुटली असती. पोरीने पत्र लपवलं, मला खोटं वाचून दाखवलं, असं म्हणायचा अवकाश. ती कधीच म्हणाली नाही. मलाही कधी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी तारेवर ते पत्र शोधलं तर ते नव्हतं. फाडलं असणार, अशी पत्रं फाडतातच. काही महिन्यांनी इब्राहिमभाई बाबांची पिशवी घेऊन आले, तिच्यात आमची सगळी पत्रं निघाली. आईने तीही तारेला टोचली. त्यानंतर आमच्या घरी कुणाचं पत्र आलं नाही.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून नेरूळला गेले. दिवाळं तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर. दर रविवारी जायची, आईच्या हातची चटणी-भाकर खायची आणि दर रविवारी ठरवायची की आज सांगून टाकू. आवक-जावकच्या टेबलावर मी हजारो पत्रांवर शिक्के मारले, एकही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. एक मात्र माझ्याकडे नोंद न होता पडून होतं.

गेल्या वर्षी घराच्या कराराची नोंदणी होती. आईला घेऊन गेले. तिथल्या माणसाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. आईने पेन मागितलं आणि कागदाच्या तळाशी, सावकाश, श्री काढली. तो माणूस हसला आणि म्हणाला, "आजी, सही पाहिजे, देवाचं नाव नको." आई म्हणाली, "येवराच येतं." शेवटी अंगठा घेतलाच त्यांनी.

घरी येऊन ती ओट्यावर बसली, खोबरेल लावून अंगठ्याची शाई काढत. खाडीला ओहोटी होती. बोटींच्या मागे आता टॉवर दिसतात. ती आत गेली आणि एक घडी केलेला कागद आणून तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी उघडला नाही. तार टोचल्याचं भोक बाहेरूनच दिसत होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मना येक अक्षर येतं, बाय. ते कोनाच्या हातचं हाय, येवरं नाय वलकायचं? त्याची वेलांटी निस्ती पलत जायची. तुजी शालेतली, थांबून थांबून काढलेली." ती अंगठा पदराला पुसत राहिली. "आनि वर श्री असती, तं तुला काढावी कशाला लागली असती?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? लोक इतकं बोलले तुला."

"बोलली असती, तं बेबीचा मांडव मोडला असता. लोकांना काय ठाव, मी नाचत व्हती का रडत व्हती." मग खाडीकडे बघत ती म्हणाली, "खरं सांगू? मना वाटला, पोरीनं श्री काढलीय, तं र्‍हाऊ दे. तूनं मना तीन दिस जास्ती सवाशीन ठेवलीस."

मी रडले. ती म्हणाली, कागद फाडायचा राहून गेला खरा, पण वर श्री आहे, श्रीचा कागद फाडायचा कसा.

महिन्यापूर्वी आई गेली. पहाटे, नेरूळच्या हॉस्पिटलात, झोपेतच. सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडेच आलं, घरात पत्रं मी लिहायची ना. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून मी घरच्या ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला आणि बोटांनी सवयीने आधी श्रीच लिहिली. ती पुसली. खाली चार ओळी लिहिल्या, आईचं नाव, वेळ, किती वाजता न्यायचं. पुन्हा वर बघितलं. माथा कोरा होता.

पाठवायचं बटण दाबायला हात होईना. उरणात आता मावशी उठली असेल, केस विंचरत असेल. दर सकाळी आठला ती आईला फोन करते, करायची. फोन हातात धरून मी बसून राहिले. वॉर्डबॉय चहा ठेवून गेला, त्यावर साय आली. तोवर मावशीला बहीण होती.

मग पाठवला.